वाणातला शेर

तमाम नागरिकांस, विशेषतः वणीच्या आमच्या कोळसाखाणीच्या कॉलनीतल्या रहिवाशांस, या लेखाद्वारे जाहीर कळवण्यात येते की कॉलनीत वाघ मी आणला नव्हता. मी वाण आणलं होतं. वाणाचा वाघ पुढे झाला आणि त्या कामी इतरांचाही भरपूर हातभार लागला. हा खुलासा मी पूर्ण शुद्धीत आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून करते आहे. दोन्ही डोळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मधले चार दिवस माझा एकच डोळा कामावर होता.

आता सुरुवातीपासून सांगते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण बायका वाण ‘लुटतो’. देणारीच अभिमानानं सांगते, यंदा मी डबे लुटले, मागच्या वर्षी चमचे लुटले. लुटारू स्वतःच्या पैशानं लुटतो असा हा जगातला एकमेव दरोडा असावा. या दरोड्याचे नियम मात्र फार कडक. एक, दिलेलं वाण परत घेत नाहीत. दोन, मिळालेल्या वाणाला नावं ठेवत नाहीत, निदान देणारीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत तरी. हे दोन्ही नियम मी वर्षानुवर्षं पाळले आहेत. माझ्या कपाटात सात साबणदाण्या आहेत, अकरा चहागाळण्या आहेत आणि एक प्लास्टिकचा हंस आहे. त्याच्या पाठीला झाकण आहे, पण पोटात काय ठेवायचं ते मला आजवर उमगलेलं नाही. हंस देणारीला मी म्हटलं होतं, ‘किती कामाची वस्तू आहे हो.’

तर गेल्या वर्षी मी ठरवलं की आपण झाड लुटायचं. साबणदाण्या लुटणाऱ्या सामान्य बायकांपासून स्वतःला वेगळं काढायची ही संधी होती आणि ती मी सोडणार नव्हते. अडचण एकच. वणीत झाड जगवणं म्हणजे कोळशाशी पंगा. सकाळी पान पुसलं तर संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. माझे तीन गुलाब काळे होऊन गेले. तुळस जगली, पण ती श्रद्धेच्या बळावर.

नागपूरच्या एका रोपवाटिकेत मला ते दिसलं. पान नाही, काटा नाही, फूल नाही. नुसत्या हिरव्यागार, गोल, गुळगुळीत कांड्या, एकीतून दुसरी फुटलेली. पांढऱ्या शुभ्र चिनी मातीच्या कपात ते असं उभं होतं, जसं काही शहरातून इंजिनिअर होऊन आलेलं. नाव विचारलं तर माळी म्हणाला, पेन्सिल प्लांट. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, बाकी त्याला विसरून जायचं. जितकं विसराल तितकं वाढते मॅडम, असं त्यानं सांगितलं, तेव्हा माझी खात्रीच पटली की हे झाड देवानं माझ्या स्वभावाकडे बघून घडवलं आहे. एकतीस कप घेतले. शिवाय एक मोठी कुंडी स्वतःसाठी.

त्या वर्षी मी आणखी एक क्रांती केली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. मुलगा खाणीत पाळीवर जातो, सून नोकरीला, काकू दिवसभर घरी एकट्या. काका जाऊन बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी काकूंचं दार आतून बंद असतं. मी जाहीर केलं की कुंकवाचं ज्याचं त्यानं बघावं, पण तिळगूळ आणि वाण आमच्या घरी सगळ्यांना. आणि स्वतः जाऊन काकूंना हात धरून घेऊन आले. काकूंचा डावा डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. त्यांनी कप दोन्ही हातांत घेतला, कांड्यांवरून हलकेच बोटं फिरवली, क्षणभर थांबल्या, मग पदराआड धरून काही न बोलता घरी निघून गेल्या. मी म्हटलं, बिचारीला भरून आलं. स्वतःच्या पुरोगामीपणावर मी इतकी खूश होते की पुढचे आठ दिवस आरशासमोर जरा जास्तच थांबत होते.

होळी झाली. काकूंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी द्राक्षं घेऊन भेटायला गेले. काळा चष्मा लावून बसल्या होत्या, दिवसातून चारदा औषधाचे थेंब स्वतःच्या हातानं घालत होत्या, आणि जग पुन्हा किती रंगीत आहे याच्या गोष्टी सांगत होत्या. शेजारणीची साडी त्या दहा वर्षं करडी समजत होत्या, ती जांभळी निघाली होती. निघताना मी सहज, म्हणजे मुळीच सहज नाही, कौतुक ऐकायला म्हणून विचारलं की झाड कसं आहे. काकू म्हणाल्या, लेकरासारखं सांभाळून ठेवलं बाई. मी तरंगत घरी आले.

पाच दिवसांनी, एका सकाळी, माझ्या मोठ्या कुंडीतलं झाड खिडकीच्या पडद्यात शिरायला लागलं म्हणून मी भाजीची कात्री घेतली आणि त्याचे चार शेंडे उडवले. कापल्या जागेतून पांढरं दूध आलं. थेंब नाही, धार. मला गंमत वाटली. बोटानं पुसलं, हात साडीला पुसला, आणि नाकावर घाम आला म्हणून तोच हात चेहऱ्यावरून फिरवला.

पुढचं वर्णन करताना मला अतिशयोक्ती करायची फार इच्छा होते आहे, पण खरं तेच एवढं मोठं आहे की वाव नाही. डोळ्यात कुणी तिखटाचा गोळा दाबून बसवावा आणि वर फोडणी घालावी, तसं झालं. मी ओरडले. आमचे हे खाणीत सुरक्षा विभागात आहेत. ‘सुरक्षा हीच पूजा’ अशा पाट्या त्यांनी इतक्या लावल्या आहेत की तीस वर्षांत एखादा अपघात आपल्या वाट्याला यावा अशी त्यांची आतून इच्छा असावी. ते अंघोळ अर्धी टाकून आले. डोळा चोळायचा नाही, असं बजावत त्यांनी माझी मान मोरीत वाकवली आणि डोळ्यावर पाणी सोडलं. नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो आणि तो दिवस आडातला होता. म्हणून ड्रममधून मग्यानं, बारीक धार, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मोजून वीस मिनिटं. मधेच मी म्हटलं, पुरे झालं. ते म्हणाले, अजून सहा मिनिटं. असा रोमँटिक माणूस.

मग मोटारसायकलवरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी रंग घालून, दिवा लावून तपासलं. बुबुळावर भाजलं आहे, पण पाणी वेळेवर आणि भरपूर घातलं म्हणून वाचलात, असं सांगितलं. यांनी शेजारी उभं राहून पाटीसारखा चेहरा केला. झाड कोणतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, पेन्सिल प्लांट. त्यांना कळेना. मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘ताई, हे तर शेर.’

शेर.

माझं माहेर राळेगाव तालुक्यातलं. आमच्या शेताला तीन बाजूंनी शेराचं कुंपण होतं. त्याला डुक्कर शिवत नव्हतं, बकरी तोंड लावत नव्हती. त्याच्याजवळ खेळायला गेलं तर बाबांचा आवाज शेताच्या दुसऱ्या टोकावरून यायचा की पोरी, चीक डोळ्यात गेला तर आंधळी होशीन. सहा वर्षांची असताना जे मला अंधारातही ओळखता आलं असतं, ते पन्नासाव्या वर्षी, दिवसाउजेडी, पैसे मोजून मी एकतीस कप भरून घेतलं, कारण ते चिनी मातीच्या कपात होतं आणि त्याला इंग्रजी नाव होतं.

डॉक्टर पुढे समजावत होते. घरात ठेवायचंच असेल तर रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापायचं नाही. कापल्या जागी ओलं फडकं दाबायचं, म्हणजे चीक थांबतो. कात्री आणि हात साबणानं धुवायचे, कातरण उघड्यावर टाकायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही, कारण धूरसुद्धा डोळ्यांना झोंबतो. ही दूध गळणारी जी मांसल झाडं हल्ली घरोघर आली आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची हीच तऱ्हा. झाड वाईट नाही, हात धुवायला विसरणारी माणसं वाईट. आणि नुकतं ऑपरेशन झालेला डोळा असेल, तर त्यानं याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

तिथे मला काकू आठवल्या. काळा चष्मा. दिवसातून चार वेळा स्वतःच्या बोटांनी पापणी ओढून घातलेले थेंब. एकुलता एक डोळा, तोही बारा दिवसांचा. आणि लेकरासारखं सांभाळलेलं झाड. लेकराला माणूस काय करतं? गोंजारतं.

परत येताना गाडीच्या मागच्या सीटवरून काकूंना फोन लावला. व्यस्त नव्हता, पण उचलला नाही. त्या तेव्हा मागच्या अंगणात असतात. म्हणजे झाडाजवळ. बाकीच्या तीस जणींनाही सांगायला हवं होतं. माझा एक डोळा पट्टीखाली आणि दुसरा सहानुभूतीनं गळत होता, म्हणून मी बोलून मजकूर टाकला, गाडीच्या आवाजात, न वाचता, कॉलनीच्या ग्रुपवर. झाड म्हणायचं राहून गेलं. कुणाच्या जिवाला घोर लागू नये म्हणून शब्द मात्र सौम्य निवडले होते. तो मजकूर आजही माझ्याकडे आहे आणि मी तो जसाच्या तसा देते:

‘सावधान. आपल्या कॉलनीत शेर आहे. माझ्यामुळे आला आहे, त्याबद्दल क्षमस्व. आता तो मोठा झाला आहे. कुणीही हात लावू नये. मुलं आणि बकऱ्या दूर ठेवाव्यात. डॉक्टरांकडे जाऊन आले, माझा डोळा थोडक्यात वाचला. घाबरू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाते.’

वाचकहो, वणीच्या भूगोलाची एक गोष्ट इथे लक्षात घ्या. खाणीतून काढलेल्या मातीचे आमच्याकडे डोंगर आहेत, त्यांवर झुडपं माजली आहेत आणि त्या झुडपांत अधूनमधून खरा वाघ असतो. त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. आमची अर्धी कॉलनी उत्तरेकडून खाणीच्या नोकरीला आलेली. त्यांच्या भाषेत वाघाला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आणि उरलेल्या अर्ध्या मराठी कॉलनीलाही इथे राहून तीच सवय झालेली आहे.

यांनी मला फाटकाशी सोडलं आणि ते खाणीकडे निघून गेले. मी घरात शिरले. डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळायचा होता. यांचं जुनं पिवळं हेल्मेट घातलं, त्यांचा खाणीतला मोठा चष्मा पट्टीवरून चढवला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात सोयाबीनचं रिकामं पोतं. काकूंना पुन्हा फोन लावला. आता व्यस्त. म्हणजे अंगणातून घरात आल्या. म्हणजे थेंबांची वेळ झाली. मी पळत निघाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऐन अकरा वाजता सगळी दारं बंद, खिडक्यांना कड्या. मला वाटलं, ऊन. पहिल्याच खिडकीची फट उघडली आणि आतून शेजारीण कळवळून म्हणाली, ‘भाभीजी, अकेली मत जाइए.’ मी म्हटलं, एकटीच जाते, माझी चूक आहे, मलाच निस्तरू दे. तिनं तोंडावर पदर धरला. मला तिच्या माणुसकीनं गहिवरून आलं.

पुढच्या घरातून एक आवाज आला.

‘वहिनी, सांडशीनं पकडता काय त्याले?’

‘मग हातानं कोण पकडते?’

‘अन् नेता कशात?’

मी पोतं वर करून दाखवलं. आत थोडी कुजबुज झाली. मग विचारणा झाली की एकच आहे ना. मी खरं तेच सांगितलं, की एकतीस आहेत. खिडकी लागली. पाठोपाठ गल्लीतल्या बाकीच्या खिडक्यांच्या फटीही एकामागून एक लागत गेल्या, आणि मी मनात म्हटलं, किती शिस्तीचे लोक आहेत, सूचना लगेच पाळतात. आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. घाबरून सगळे आत बसले होते, आणि ज्याला घाबरायचं होतं तो प्रत्येकाच्या टीपॉयवर, रिबीन बांधून, बसलेला होता.

काकूंच्या दाराला आतून आडणा होता. मी दार बडवलं. आतून आवाज आला की कोण. मी माझं नाव सांगितलं.

‘अवं, बाहेर वाघ सुटला अन् तू कायले फिरून राह्यली? घरी जा.’

‘कोणता वाघ काकू?’

‘तूच तं सांगतलं म्हणते साऱ्याईले. तुह्याच डोळ्यावर धावला म्हणे. मले तिघीचौघींचे फोन आले.’

हेल्मेटखाली माझ्या डोक्यात हळूहळू उजाडायला लागलं. एकेक खिडकी, एकेक प्रश्न, पोतं, सांडशी, एकतीस. मला हसू फुटत होतं आणि त्याच वेळी रडू येत होतं, कारण दाराच्या आत काकूंची बोटं कुठे होती ते मला दिसत नव्हतं. मी दाराला तोंड लावून म्हटलं की काकू, वाघ नाही, शेर. कुंपणाचा शेर. मी तुम्हाला वाणात दिलं ते झाड. त्याला हात लावला काय? त्या हातानं थेंब घातले काय?

 मी पुन्हा दार बडवलं. मग आडणा सरकला.

काळा चष्मा लावून काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझं हेल्मेट, चष्मा, हातमोजे, पोतं, सगळं आपल्या नव्या डोळ्यानं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. चष्मा जरासा वर करून मला डोळा दाखवला. पांढरा, स्वच्छ, ठणठणीत. मग माझं मनगट धरून मला मागच्या अंगणात नेलं.

तिथे कोपऱ्यात, भिंतीला लागून, बाभळीच्या काट्यांचं एक छोटं कुंपण केलेलं होतं. कुंपणात एक फुटकं टोपलं पालथं घातलेलं, टोपल्यावर वीट. टोपल्याच्या वरच्या भोकातून एक हिरवी कांडी मोठ्या गुर्मीनं बाहेर आली होती. शेजारी हातभर लांब काठी, तिच्या टोकाला तारेनं बांधलेला पळा, पाणी घालायला. आणि बाजूच्या दगडावर साबणाची वडी. साबणदाणीत. ती साबणदाणी मला ओळखू आली, मीच काही वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेला लुटली होती.

लेकरासारखं सांभाळून ठेवलं होतं खरं. द्वाड लेकराला ठेवतात तसं.

एव्हाना वन विभागाची जीप गल्लीत शिरली होती. कुणी बोलावली ते अजून कुणीही कबूल केलेलं नाही. जीप पाहून दारं उघडली, बायका बाहेर आल्या, आणि सगळी वरात काकूंच्या अंगणात जमा झाली. जाळी घेऊन आलेल्या वनरक्षकानं मला विचारलं की शेर कुठे आहे. मी सांडशीनं टोपलं उचललं. त्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग मी भर अंगणात, हेल्मेट काढून, सगळा कबुलीजबाब दिला. बायका घरी गेल्या आणि आपापला कप हात लांब करून, तोंड फिरवून घेऊन आल्या. वाण परत घेत नाहीत, हा नियम त्या दिवशी कुणालाच आठवला नाही. तीस कप पोत्यात गेले. आज ती तीस झाडं माझ्या दिराच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी आहेत आणि रानडुकरांना थोपवण्याचं आपलं खरं काम करत आहेत.

एकतिसाव्यासाठी मी हात पुढे केला. काकू टोपल्याच्या आड उभ्या राहिल्या. माझं नाही देत, म्हणाल्या.

मी गोंधळले. त्यांना झाड कधी ओळखू आलं, असं विचारलं. तर पहिल्याच दिवशी, माझ्याच बैठकीत, बोटं फिरवली तेव्हा. पान नाही, काटा नाही, नुसत्या कांड्या, म्हटलं हा तर शेर. मी एकदम चिडले. वाचलेल्या माणसावर चिडायचा हक्क काळजी करणाऱ्याला असतोच. म्हटलं, दोन महिने तुम्हाला ठाऊक होतं, माझ्या घरात तेच झाड आहे हे ठाऊक होतं, माझा डोळा गेला असता, मग तोंडानं एक शब्द का नाही काढला?

सगळं अंगण काकूंकडे बघायला लागलं. वनरक्षकही. काकूंनी चष्मा नीट केला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘बारा वर्सांनी कोणी वाण देलं मले, अन् त्याले मी नाव ठेवू काय?’